बेटाला जहाजं लागतात, पण कोणाच्या मालासाठी?

प्रश्न असा: एखादं द्वीपराष्ट्र जगाच्या कंटेनर वाहतुकीशी किती चांगलं जोडलेलं आहे, हे ओळखायचं कसं? अंक्टाड या संस्थेचा जोडणीचा निर्देशांक बघून भागतं का? आणि जोडणी सुधारायची तर बंदर खोल करणं हाच उपाय आहे का?

मी आठ वर्षं एका फीडर कंपनीच्या, म्हणजे मोठ्या बंदरातून लहान बंदरांकडे छोट्या जहाजांनी कंटेनर नेणाऱ्या कंपनीच्या, ऑपरेशन्स डेस्कवर होतो आणि त्यानंतर चौदा वर्षं एका लाइनच्या, म्हणजे ठरल्या मार्गांवर मोठी कंटेनर जहाजं चालवणाऱ्या कंपनीच्या, नेटवर्क प्लॅनिंगमध्ये. म्हणजे आधी छोट्या जहाजाच्या बाजूने भांडलो, मग मोठ्या जहाजाच्या. त्यामुळे उत्तर थोडं कडवट वाटलं तर समजून घ्या. निर्देशांक जरूर बघा, पण तो जहाजं मोजतो, बेटाचा माल मोजत नाही. बंदरात जहाज येणं वेगळं आणि ते तुमच्या मालासाठी येणं वेगळं. खोलीचं म्हणाल, तर बहुतेक छोट्या बेटांकडे पाण्यापेक्षा माल कमी पडतो.

आधी निर्देशांकाबद्दल. अंक्टाड ही संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास बघणारी संस्था. तिच्या लायनर शिपिंग कनेक्टिव्हिटी इंडेक्समध्ये आता सहा गोष्टी धरतात: वेळापत्रकाप्रमाणे आठवड्याला किती जहाजं लागतात, त्यांची वर्षभराची क्षमता टीईयूत, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात, किती, नियमित सेवा किती, त्या देणाऱ्या कंपन्या किती, सगळ्यात मोठ्या जहाजांच्या सेवेत जहाजाचा सरासरी आकार काय, आणि वाटेत कंटेनर न उतरवता थेट किती देशांना जाता येतं. सहाही गोष्टी जहाजाच्या बाजूच्या आहेत. बेटावरच्या दुकानदाराचा माल ठरल्या आठवड्यात आला का, आणि किती भाड्यात आला, हे त्यांतून कळत नाही. तो निर्देशांकाचा दोष नव्हे. त्याचं कामच ते नाही. लोक मात्र त्याच्याकडून तेच उत्तर मागतात.

हा निर्देशांक वापरणार असाल तर एका गोष्टीवर नजर ठेवा. आधी त्याचा पाया २००६ च्या पहिल्या तिमाहीतल्या चीनच्या आकड्यावर होता, तो १०० धरलेला. २०२४ मध्ये पद्धत बदलली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीची सगळ्या देशांची सरासरी १०० झाली. जुन्या अहवालातला आकडा नव्या तक्त्यातल्या आकड्याशेजारी ठेवून ‘जोडणी एवढी वाढली’ असं दाखवणारी सादरीकरणं मी पाहिली आहेत, आणि त्यावर टाळ्याही ऐकल्या आहेत.

आता माल्टा घ्या. पाच लाखांहून थोडी जास्त वस्ती. दक्षिणेला मार्साश्लॉकचं फ्रीपोर्ट, १९८८ मध्ये स्थापन झालेलं. सुएझ ते जिब्राल्टर या मुख्य मार्गावरून जाणाऱ्या जहाजाला तिथे यायला फारसं वळावं लागत नाही. मोठी जहाजं लागतात, कंटेनर उतरवतात, आणि ते कंटेनर दुसऱ्या जहाजांवर चढून इटलीकडे, एड्रियाटिककडे, उत्तर आफ्रिकेकडे जातात. आमच्या भाषेत ट्रान्सशिपमेंट. माल्टातल्या माणसाच्या घरात येणारा माल मात्र मोठ्या प्रमाणावर इटलीच्या बंदरांतून ट्रेलरमध्ये भरून, ट्रेलर थेट आत चढवता येणाऱ्या रो-रो जहाजांवर, व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये येतो. निर्देशांक उंच आहे तो मार्साश्लॉकमुळे, आणि घर चालतं ते ग्रँड हार्बरमुळे. बहामाचंही तसंच. तिथलं मोठं ट्रान्सशिपमेंट बंदर ग्रँड बहामा बेटावर फ्रीपोर्ट या शहरात; राजधानी नासाऊ दुसऱ्याच बेटावर, आणि तिचा बराचसा माल फ्लोरिडाहून लहान जहाजांनी येतो. एका देशाचा एकच आकडा अशा ठिकाणी फसवतो. अंक्टाड बंदरनिहाय निर्देशांकही देते. द्वीपसमूह असेल तर तो उघडा.

पण सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण श्रीलंकेचं.

युरोप आणि पूर्व आशियादरम्यानची जहाजं श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्रा हेडच्या खालून जातात. तिथून कोलंबोला वर येणं म्हणजे काही तासांचा फेर. ही नशिबाची गोष्ट, पण नशीब वापरायला धक्का लागतो आणि तो कोलंबोने वेळेवर बांधला. १९९९ मध्ये पहिलं खासगी टर्मिनल आलं. २०१३ मध्ये दक्षिण बंदरात १८ मीटर खोलीचं टर्मिनल चालू झालं, म्हणजे सगळ्यात मोठी कंटेनर जहाजंसुद्धा पूर्ण भरून लागू शकतात. २०२५ मध्ये त्याच बंदरात वेस्ट कंटेनर टर्मिनल सुरू झालं. वर्षाला ७० लाख टीईयूच्या पुढे कंटेनर हाताळले जातात, आणि त्यांतले चार-पंचमांशाच्या आसपास श्रीलंकेचे नसतातच. भारताचे असतात, बांगलादेशाचे असतात. बांगलादेशातल्या चट्टोग्रामला नदीच्या मुखातून आत जावं लागतं, तिथे सुमारे १० मीटरच्या पुढे ड्राफ्ट, म्हणजे जहाजाची पाण्याखालची खोली, चालत नाही. मग मोठं जहाज कोलंबोला माल टाकतं आणि फीडर तो पुढे नेतो.

२०२२ मध्ये हे सगळं उघडं पडलं. १२ एप्रिलला श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. पंपांवर रांगा, औषधं नाहीत, आणि डॉलर नाहीत म्हणून बंदरात उतरलेले खाद्यपदार्थांचे शेकडो कंटेनर सोडवता येत नव्हते. त्याच बंदरात, त्याच आठवड्यांत, मोठी जहाजं ठरल्या खिडकीत, म्हणजे धक्क्यावर नेमून दिलेल्या वेळेत, लागत होती आणि दुसऱ्यांचा माल इकडून तिकडे चढत होता. आमच्या पडद्यावर कोलंबो हिरवं होतं. ऑपरेशन्सच्या दृष्टीने ते खरंही होतं. जोडणीचा निर्देशांक आणि देशाची अवस्था यांच्यात किती अंतर असू शकतं, याहून स्पष्ट चित्र मी पाहिलेलं नाही.

याचा अर्थ स्थानिकांना हबचा, म्हणजे अशा ट्रान्सशिपमेंटच्या मोठ्या बंदराचा, फायदा नसतो असा नाही. कोलंबोच्या चहाच्या निर्यातदाराला जेवढ्या सेवांची निवड मिळते, तेवढी त्याच्या देशाच्या मालाच्या जोरावर कधीच मिळाली नसती. दुसऱ्यांच्या मालामुळे जहाज येतं, आणि जहाज आलंच आहे तर चहाचे चाळीस कंटेनर चढतात. हा पाहुण्याच्या पंगतीत जेवण्याचा फायदा आहे, आणि तो चांगला आहे. फक्त पाहुणे कधी उठतील हे आपल्या हातात नसतं.

उठतात कसे, हेही बघा. २००० मध्ये मेअर्स्क या मोठ्या लाइनने आपला ट्रान्सशिपमेंटचा कारभार सिंगापूरहून उचलून सामुद्रधुनीपलीकडे मलेशियातल्या तंजुंग पेलेपासला नेला. दोन वर्षांनी एव्हरग्रीन ही लाइनही गेली. सिंगापूर त्यातून सावरलं, कारण तिथे उरलेल्या लाइन भरपूर होत्या. २०२४ मध्ये तिथे ४ कोटी टीईयूच्या पुढे कंटेनर हाताळले गेले. पण सिंगापूरची गोष्ट बाकीच्या बेटांना लागू करू नका. एखाद्या मध्यम हबमधून एक मोठी लाइन निघाली की वर्षभरात त्या बंदराचा चेहरा बदलतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेअर्स्क आणि हापाग-लॉइडचं जेमिनी जाळं सुरू झालं, तेव्हा त्याचा पायाच असा होता की मोठी जहाजं थोड्याच हबवर थांबतील आणि बाकीच्या बंदरांना ये-जा करणारी शटल जहाजं जातील. त्या यादीत तुम्ही हब आहात की शटलच्या टोकाचं बंदर, हे तुमच्या बेटावर ठरत नाही.

कोलंबोला हा धाक शेजारून आहे. भारताने २०१८ मध्ये कॅबोटाजचे नियम सैल केले, म्हणजे आयात-निर्यातीचे ट्रान्सशिपमेंट कंटेनर परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही एका भारतीय बंदरातून दुसऱ्यात नेता येऊ लागले. मग केरळात विळिंजमचं बंदर उभं राहिलं. पहिलं मोठं कंटेनर जहाज जुलै २०२४ मध्ये लागलं, अधिकृत उद्घाटन मे २०२५ मध्ये. खोल पाणी, मुख्य मार्ग जवळ. कोलंबो लगेच रिकामं पडेल असं मला वाटत नाही, कारण फीडरची जुळलेली वीण रातोरात उसवत नाही. पण श्रीलंकेच्या जोडणीचा भविष्यातला आकडा बऱ्याच अंशी दिल्लीतल्या नियमांवर आणि केरळच्या क्रेनवर ठरणार, हे खरं.

आता दुसरं टोक. ज्या बेटांना हब होण्याची शक्यताच नाही, त्यांचं काय? जगातली बहुतेक द्वीपराष्ट्रं याच गटातली. अंक्टाडने २०२४ च्या सागरी वाहतूक अहवालात नोंदवलं आहे की विकसनशील छोट्या द्वीपराष्ट्रांची जोडणी गेल्या दशकभरात सरासरी सुमारे ९ टक्क्यांनी घसरली. जहाजं मोठी होत गेली, कंपन्या एकत्र होत गेल्या, आणि छोटी बंदरं वेळापत्रकातून गळत गेली.

हे गळणं कागदावर कसं होतं ते सांगतो. समजा १४,००० टीईयूची बारा जहाजं एका फेरीत फिरताहेत. फेरी ८४ दिवसांची, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक बंदरात एक जहाज. कोणीतरी म्हणतं, वाटेतल्या अमुक बेटावर थांबा, तिथे आठवड्याला ३०० टीईयू आयात आहे. बंदरात वाट दाखवणारा पायलट घ्या, ओढणारं टग घ्या, धक्क्याला लागा, दोन क्रेनने काम करा, निघा: सगळं धरून एक दिवस गेला. हा दिवस कुठून आणायचा? फेरी ८५ दिवसांची करता येत नाही, साप्ताहिक गणित मोडतं. मग उरलेल्या प्रवासात वेग वाढवा. जहाजाचं रोजचं इंधन वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतं, म्हणजे दोन नॉटसुद्धा (तासाला दोन सागरी मैल) महाग पडतात. नाहीतर दुसरं एखादं बंदर सोडा, जिथे कदाचित २,००० टीईयू आहेत. या बैठकीत मी असंख्य वेळा बसलो आहे, आणि ३०० टीईयूच्या बाजूने कोणी दुसऱ्यांदा हात वर केलेला आठवत नाही. तिथे त्या बेटाचं बंदर किती खोल आहे हा प्रश्न येतच नाही. २० मीटर असलं तरी उत्तर तेच.

मग उरतो फीडर. आणि फीडरवर जगणाऱ्या बेटाची खरी जोडणी म्हणजे हबच्या यार्डात त्याचा कंटेनर किती दिवस बसतो. कोलंबो ते माले हे अंतर सुमारे ४०० सागरी मैल. १२ नॉटने दीड दिवस. एकदा मालदीवमधल्या एका रिसॉर्टच्या बांधकामासाठी वातानुकूलन यंत्रणेचे सुटे भाग येत होते, चाळीस फुटी दोन कंटेनर. आणणारं मोठं जहाज तीस तास उशिरा येणार होतं. आमचा फीडर गुरुवारी रात्री निघायचा. थांबवायचा की सोडायचा हा निर्णय त्या रात्री माझ्याकडे होता. मोठ्या जहाजावर आमच्यासाठी चाळीसेक कंटेनर होते. फीडरवर आधीच पाचशेच्या वर चढलेले. थांबलो असतो तर मालेतली धक्क्याची खिडकी हुकली असती, आणि तिथे दुसरी खिडकी मिळणं म्हणजे बाहेर नांगर टाकून वाट बघणं. मी फीडर सोडला. पुढच्या आठवड्याचा फीडर तांदूळ आणि सिमेंटने भरला होता, त्यात ते दोन कंटेनर रोल झाले, म्हणजे जागा न मिळून मागे राहिले. त्याच्या पुढच्यात गेले. दीड दिवसाच्या प्रवासासाठी जवळपास दोन आठवडे यार्डात. रिसॉर्टच्या माणसाने फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. पण आजही त्या रात्री मी फीडर सोडलाच असता.

ही गोष्ट कोणत्याच निर्देशांकात दिसत नाही. निर्देशांकाच्या दृष्टीने त्या तिन्ही आठवड्यांत मालेला जहाज ठरल्याप्रमाणे लागलं होतं.

मालेच्या बाबतीत सप्टेंबर २०२० मध्ये एक वेगळा प्रयत्न झाला: तुतिकोरिन, कोची, मग उत्तरेतलं कुल्हुधुफ्फुशी, आणि माले, अशी थेट मालवाहू सेवा सुरू झाली. अशा सेवेला मी महत्त्व देतो. ती स्वस्त असेलच असं नाही, पण तिच्यामुळे हबला बगल देणारी एक वाट तयार होते. हब तुंबतो तेव्हा त्या वाटेची किंमत कळते. ती टिकायची असेल तर मात्र परतीचा माल लागतो.

परतीचा माल हीच छोट्या बेटांची खरी दुखरी नस. बेट सगळंच आयात करतं: धान्य, दूध पावडर, फरशी, फ्रीज, टायर. परत काय जातं? बहुतेक वेळा रिकामे कंटेनर. जहाजाला रिकामा कंटेनर न्यायलाही तेवढीच जागा लागते, क्रेनची उचल तेवढीच, धक्क्याचं भाडं तेवढंच. मग आयातीच्या भाड्यात जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च घातले जातात. बेटावरचा व्यापारी म्हणतो, ‘एवढ्याशा अंतराला एवढं भाडं?’ तो दोन्ही फेऱ्यांचं भाडं भरत असतो.

मालदीवचा एक बारकावा इथे छान लागू पडतो. तिथून ट्यूना निर्यात होतो. गोठवलेला स्किपजॅक मोठ्या प्रमाणात थायलंडच्या कॅनिंग कारखान्यांकडे जातो. त्याला रीफर, म्हणजे माल गार किंवा गोठवून ठेवणारे कंटेनर लागतात. आयातीत कोंबडी, भाज्या, दुग्धजन्य पदार्थ रीफरमध्येच येतात. त्यामुळे रीफरचं चक्र त्यातल्या त्यात बसतं, आणि साधे कंटेनर रिकामे परततात. एकाच जहाजावर एका प्रकारच्या कंटेनरचा हिशेब जमतो, दुसऱ्याचा नाही. प्लॅनिंगमध्ये आम्ही बेटाकडे असंच बघायचो: आयात-निर्यात किती यापेक्षा कोणत्या प्रकारचा कंटेनर कोणत्या हंगामात अडकतो. मासेमारीचा हंगाम चुकला की रीफर तुंबायचे, आणि मग पुढचे रीफर पाठवायला लाइन कुरकुरायची.

खोलीचा प्रश्न अगदीच गैरलागू आहे असं नाही. प्रशांत महासागरातल्या नाउरूचं उदाहरण टोकाचं आहे. तिथे वर्षानुवर्षं जहाज धक्क्याला लागूच शकत नव्हतं. प्रवाळाच्या कड्याबाहेर बोयांना बांधून, कंटेनर बार्जवर उतरवून आत आणायचे. लाट उसळली की काम बंद, जहाज ताटकळत, आणि भाडं वाढत. तिथे धक्का बांधणं ही चैन नव्हती. प्रशांतातल्या बऱ्याच बेटांवर किनाऱ्यावर मोठ्या क्रेन नाहीत, म्हणून स्वतःच्या क्रेन असलेलीच जहाजं चालतात. असलं जहाज लहान असतं, प्रत्येक कंटेनरमागे महाग पडतं, आणि जगाचा कल उलट दिशेला, बिनक्रेनच्या मोठ्या जहाजांकडे आहे. माझ्या मते छोट्या बेटाने पहिला पैसा एखाद्या भरवशाच्या मोबाइल क्रेनवर आणि यार्डातल्या फरसबंदीवर घालावा. १६ मीटर खोलीचा नंबर खूप नंतर लागतो. १६ मीटर पाणी बघून कोणी येत नाही. क्रेन चालू असेल तर निदान आलेला लवकर जातो, आणि पुढच्या वेळापत्रकात तुमच्यासाठी अर्धा दिवस कमी धरतो.

याउलट आइसलंड. निर्देशांकाच्या तक्त्यात ते वर दिसत नाही. मोठी जहाजं नाहीत, हब नाही. पण आइमस्किप ही १९१४ ची तिथली कंपनी आणि सामस्किप, यांची जहाजं रेक्याविक ते रॉटरडॅम आणि आसपासच्या बंदरांना नियमित जातात. मासळी बाहेर जाते, घरगुती माल आत येतो, दोन्हीकडे भरलेले कंटेनर. वेळापत्रक त्या बेटासाठीच बेतलेलं. एखादा फ्रोजन मासे पाठवणारा आइसलंडचा निर्यातदार आणि उंच निर्देशांकाच्या कुठल्याही हबवरचा छोटा आयातदार यांत मला विचाराल तर पहिला जास्त ‘जोडलेला’ आहे. याचं दुसरं अंगही आहे: दोनच कंपन्या असल्या की त्यांच्यात संगनमताची भीती असते, आणि तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाच्या चौकशीनंतर आइमस्किपने २०२१ मध्ये तडजोड करून दंड भरला. नियमित सेवा आणि स्पर्धा या दोन्ही गोष्टी एका छोट्या बेटावर क्वचितच एकत्र नांदतात.

कंपन्यांच्या संख्येवर म्हणूनच मी फार विसंबत नाही. एखाद्या बेटावर पाच लाइनच्या पाट्या असतात. आत बघितलं तर तीन लाइन एकाच फीडरवर जागा विकत घेतात आणि उरलेल्या दोन मिळून दुसरं जहाज चालवतात. पाच पाट्या, दोन जहाजं. त्यांतलं एक जहाज दुरुस्तीसाठी ड्राय डॉकला गेलं की निम्मं बेट अडकतं. बेटावरच्या आयातदारांना हे बहुधा माहीतच नसतं. ते एका लाइनवर नाराज होऊन दुसरीकडे जातात आणि त्यांचा कंटेनर त्याच जहाजावर येतो. बुकिंग करताना लाइनचं नाव विचारण्यापेक्षा जहाजाचं नाव विचारा.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हाही एक गैरसमज दिसला. आशिया ते उत्तर युरोप प्रवासात दहा ते चौदा दिवस वाढले आणि हिंदी महासागरातल्या मॉरिशसजवळून जाणाऱ्या जहाजांची गर्दी झाली. पोर्ट लुईसला इंधन घ्यायला येणारी जहाजंही वाढली. ‘आता आपण जगाच्या हमरस्त्यावर आलो’ असा सूर लागला. पण इंधन घेऊन निघून जाणारं जहाज तुमचा कंटेनर उचलत नाही. उलट त्याच वळशामुळे प्रत्येक सेवेला जास्त जहाजं लागू लागली, आणि ती कुठून आली? कमी महत्त्वाच्या मार्गांवरून. हमरस्ता घराजवळून गेला आणि घराकडे येणारी गाडी कमी झाली, असंही होतं. पोर्ट लुईसची एक जुनी अडचण तशीच उरते, ती म्हणजे चक्रीवादळ. वादळाचा इशारा आला की बंदर बंद, जहाजं समुद्रात. मोठी लाइन दोनदा थांबते, तिसऱ्यांदा त्या फेरीत ते बंदर गाळते आणि माल दुसऱ्या बंदरात उतरवून ‘पुढचं आम्ही बघू’ म्हणते.

तेव्हा एखाद्या बेटाची जोडणी मला तपासायला दिली, तर मी निर्देशांक पहिल्या पाच मिनिटांत बघून बाजूला ठेवतो. मग गेल्या बारा महिन्यांचे सुमारे दोनशे आयात कंटेनर घेतो, जमल्यास वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचे. प्रत्येकाच्या बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरची, तारीख, हबला उतरल्याची तारीख, हबहून निघाल्याची, बेटावर उतरल्याची, आणि टर्मिनलच्या फाटकातून बाहेर पडल्याची. या पाच तारखा पुरतात. हबमधल्या मुक्कामाची सरासरी काढत बसू नका. सरासरी चार दिवस आली तरी समाधान मानू नका. सगळ्यात वाईट दहा टक्के कंटेनर किती बसले ते बघा, कारण बेटावरचा व्यापारी साठा त्यांच्या भीतीने करतो. दोन महिन्यांचा तांदूळ गोदामात ठेवावा लागतो तो त्या दहा टक्क्यांपायी, आणि त्या गोदामाचं भाडं, अडकलेलं भांडवल, सगळं किमतीत येतं.

पुढे त्याच कंटेनरांसमोर कोणत्या जहाजांनी ते आणले हे लिहा, आणि वेगळी जहाजं किती ते मोजा. मग निर्यातीचं: रिकामे कंटेनर मागितल्यापासून किती दिवसांनी मिळाले, आणि त्यांपैकी किती भरलेले परत गेले. सरकारी अधिकारी भेटले तर मी एवढंच विचारतो, की गेल्या वर्षी किती वेळा जहाजाने तुमचं बंदर टाळलं आणि ते तुम्हाला किती दिवस आधी कळलं. बऱ्याच ठिकाणी त्याची नोंदच नसते. टाळलेली फेरी कुठल्याही रजिस्टरमध्ये येत नाही, कारण रजिस्टर आलेल्या जहाजाचं असतं.

सरकारच्या हाती काय असतं? हब बनण्याचं स्वप्न बघण्यापेक्षा दोन-तीन शेजारी बेटांनी मिळून एका फीडरला ठरावीक मालाची हमी देणं, सीमाशुल्काचं काम जहाज लागायच्या आधी संपवणं, रिकामे कंटेनर ठेवायला स्वस्त यार्ड देणं. भूगोल सोबतीला असेल, मुख्य मार्ग काही तासांवर असेल, तरच खोल टर्मिनलचा विचार करा. आणि तेव्हाही करारात एक कलम मागा, की टर्मिनल चालवणाऱ्याने धक्क्याचा अमुक वेळ स्थानिक मालाच्या फीडरसाठी राखून ठेवायचा. कारण मोठं जहाज रांगेत उभं असताना छोट्या फीडरला ‘थोडं थांबा’ म्हणणारा माणूस मीच होतो, आणि माझ्या जागी आज बसलेलाही तेच म्हणेल.